मदत हवी आहे : भुसावळच्या उन्हाळ्यात सोसवेल असा वायरलेस हेडसेट आणि माउस

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा कूलरसमोर बसूनही रेक्झिनच्या गाद्यांचा हेडसेट तासाभरात घामाने कानांना चिकटतो, आणि चष्म्याच्या काड्या दाबल्या जाऊन कानशिले दुखतात ती वेगळीच. कापडी गाद्यांचा हलका हेडसेट कोणी रोज तीन-चार तास वापरला असल्यास कृपया अनुभव सांगावा.

माउससाठी ब्लूटूथचा विचार मी सोडला आहे, २.४ गिगाहर्ट्झचा डाँगल (संगणकाला जोडायचा छोटा रिसीव्हर) आणि १००० हर्ट्झ पोलिंग, म्हणजे माउसच्या हालचालीची दर मिलिसेकंदाला एक नोंद, एवढे मला पुरे. मात्र ६० ग्रॅमच्या आसपासचा माउस मोठ्या पंजाला खरोखर सोयीचा पडतो का? येथील दुकानांत खोके उघडून दाखवत नाहीत. दोन्ही मिळून मर्यादा १०,००० रुपये आहे.