सल्ला हवा: साउथ जॉर्जियाला जहाजाने चालले आहे, वाटेत काय शिकू, सोबत काय घेऊ?

नकाशावेडी
नमस्कार मंडळी. वाईजवळच्या एका माध्यमिक शाळेत मी ३१ वर्षं भूगोल शिकवला. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. येत्या नोव्हेंबरात मी आणि आमचे हे, भाच्याच्या हट्टाखातर, अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआया बंदरातून जहाजाने फॉकलंड, साउथ जॉर्जिया आणि पुढे अंटार्क्टिका असे जाणार आहोत. तिकीट, व्हिसा, गरम कपडे झाले. आता प्रश्न माझ्या आवडीचा.

मला साउथ जॉर्जिया नीट समजून घ्यायचं आहे. फॉकलंडची राजधानी स्टॅन्लीहून ते बेट साधारण १४०० किलोमीटर, म्हणजे अडीच दिवस नुसतं पाणी. जहाजावर व्याख्यानं असतात म्हणे, पण इंग्रजी आणि तेही भराभर. म्हणून जाण्याआधी काय वाचावं आणि त्या अडीच दिवसांत डेकवर उभं राहून काय बघावं, ते सांगा. तयारीसाठी माझ्याकडे १२,००० रुपये आहेत, त्याहून एक रुपया जास्त नाही. दुर्बीण घ्यायची तर कुठली? परत आल्यावर मला शाळेतल्या मुलांना सगळं सांगायचं आहे.

लेन्सवाला
ताई, दुर्बीण विसरा. कॅमेऱ्याची १००-४०० ची दूरची लेन्स घ्या आणि चांगली बॉडी. दोन लाखांच्या आसपास जाईल, पण आयुष्यात एकदाच जाताय. मी केनियाला स्वस्तातली लेन्स नेली होती. बिबट्या समोर बसला होता आणि माझे सगळे फोटो धूसर आले. आजही ते फोल्डर उघडवत नाही.

सहलप्रेमी
जॉर्जिया फार सुंदर! तिबिलिसीत जुन्या शहरात राहा, शाकाहारी जेवण सहज मिळतं.

नकाशावेडी
सहलप्रेमी, तो देश वेगळा. हे बेट दक्षिण अटलांटिकमध्ये आहे, कायमची वस्ती एकही नाही. १७७५ च्या जानेवारीत कॅप्टन कुक इथे उतरला आणि त्याने राजा तिसऱ्या जॉर्जचं नाव दिलं. किनाऱ्याने दक्षिणेकडे जाताना त्याला वाटत होतं की दक्षिणेचा खंड सापडला. टोक आलं आणि कळलं की हे बेटच आहे. त्या टोकाला त्याने 'केप डिसअपॉइंटमेंट' म्हटलं, निराशेचं भूशिर. एवढं मला माहीत आहे, पुढचं हवं आहे.

पक्षीमित्र_सांगली
दुर्बीण ८ बाय ४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. दहापट घेऊ नका, हलत्या जहाजावर जितकं मोठं दिसतं तितकंच थरथरतं. मी पहिल्या समुद्री फेरीला १० बाय ५० नेली आणि दोन तासांत डोकं धरून केबिनमध्ये पडलो. शक्य असेल तर ऑस्ट्रियन घ्या, ऐंशी हजारांच्या पुढे जाते, पण मुलांनाही वापरता येईल.

डेकवर मागच्या बाजूला उभ्या राहा. भटका अल्बाट्रॉस जहाजाच्या मागे तासन् तास येतो, पंखांचा पसारा साडेतीन मीटरपर्यंत. पंख हलवतच नाही. खांद्यात एक कंडरा असते, ती पंख उघडा धरून ठेवते, स्नायूंना काम पडत नाही. लाटेवरून वर चढतो, वाऱ्यात वळतो, खाली घसरतो. वारा पडला तर तो पाण्यावर बसून राहतो. तुमच्या मुलांना हे फळ्यावर काढून दाखवता येईल.

राजगडवारी
मी २०१९ च्या डिसेंबरात जाऊन आले आहे, म्हणून कळकळीने सांगते. दुर्बीण, लेन्स हे सगळं नंतर. आधी तुमच्या सॅकचे आणि जॅकेटचे वेल्क्रो बघा.

आमच्या जहाजावर बेटाच्या आदल्या दिवशी सगळ्यांना लाउंजमध्ये बसवलं, हातात व्हॅक्यूम क्लीनरची नळी, चिमटा आणि सेफ्टी पिन दिली. माझी ट्रेकची सॅक दिवाळीत राजगडला नेलेली होती. घरून झटकून आणली होती, स्वच्छ आहे असं मला वाटत होतं. पट्ट्याच्या वेल्क्रोत पिन घातली तर एक कुसळ निघालं. मग दुसरं. खिशाच्या शिवणीत, चेनच्या दातांत, बुटाच्या जिभेखाली. सह्याद्रीतल्या गवताची कुसळं, पिवळी, टोकाला गुंडाळलेली. कागदावर ठेवत गेले, सतरा भरली. माझ्या शेजारी बसलेली कर्मचारी ती मोजत होती. ती कुसळं तिथे पडली असती तर, या विचाराने मला रात्री झोप लागली नाही.

कारण त्या बेटाने असल्या चुकीची किंमत मोजलेली आहे. सील आणि देवमासे मारणाऱ्यांच्या जहाजांतून उंदीर उतरले आणि जमिनीत बिळं करून राहणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खाऊन टाकली. साउथ जॉर्जिया पिपिट नावाचा चिमणीएवढा पक्षी, अंटार्क्टिक परिसरातला एकमेव गाणारा पक्षी, उंदीर नव्हते अशा छोट्या बेटांवर आणि कोपऱ्यांत उरला होता. २०११ ते २०१५ मध्ये हेलिकॉप्टरने विषारी आमिष टाकलं आणि २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त झाल्याचं जाहीर झालं. बेटावरच्या ग्रिटविकेन या जुन्या ठाण्यावर मी तो पिपिट ऐकला. सॅक साफ करणं हाच त्या बेटाचा पहिला धडा.

पुणेरी_प्रवासी
वर म्हटलंच आहे, ८ बाय ४२ च घ्या. आणि उलटीची गोळी जहाज हलायच्या आधी घ्या. माझ्या सौ.ने लाटा सुरू झाल्यावर घेतली, ती गोळीही पोटात राहिली नाही. दीड दिवस व्याख्यान नाही, जेवण नाही. भरलेले पैसे पाण्यात.

कोकणची_माहेरवाशीण
गोळीपेक्षा आलेपाक. आम्ही मुंबई-गोवा क्रूझला नेला होता, चौघांपैकी कुणालाही त्रास झाला नाही.

दर्यावर्दी_दाभोळ
मुंबई-गोवा आणि दक्षिण महासागर यांची तुलना करू नका. ४० अंशांच्या खाली पृथ्वीभोवती वाऱ्याला अडवायला फारशी जमीनच नाही. डॉक्टरला विचारून गोळी न्या, आलेपाकही न्या, पण तो जहाजावरच खा. बेटावर खाण्याचं काही नेऊ देत नाहीत.

मी ३४ वर्षं मालवाहू जहाजांवर होतो. ताई, तुम्ही भूगोलाच्या, म्हणून जे कुणी सांगितलं नाही ते सांगतो. स्टॅन्ली सोडल्यावर तुम्ही अंटार्क्टिक अभिसरण पट्टा ओलांडाल. दक्षिणेचं थंड पाणी उत्तरेच्या कोमट पाण्याला भिडून त्याच्या खाली जातं. थोड्याच अंतरात समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान तीनेक अंशांनी उतरतं. पुष्कळदा धुकं धरतं, पक्षी बदलतात. पाण्यावर रेघ नसते, पण डेकवर उभ्या माणसाच्या नाकाला कळतं.

नकाशावेडी
दर्यावर्दी, हेच मला हवं होतं! उशुआयाचा अक्षांश सुमारे ५४ अंश ४८ मिनिटं दक्षिण, ग्रिटविकेनचा ५४ अंश १७ मिनिटं. म्हणजे उशुआया जास्त दक्षिणेला, तरी तिथे डोंगरभर जंगल आणि साउथ जॉर्जियात एक झाड नाही, अर्ध्याहून जास्त बेट बर्फाखाली. 'विषुववृत्तापासून जितकं दूर तितकं थंड' असं मी इतकी वर्षं शिकवत आले, त्यापुढचं वाक्य, भोवतीचं पाणी किती थंड तेही बघा, मला इथे मिळालं. समुद्राचं तापमान मला स्वतः मोजता येईल का?

वास्कोकर
मी वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात नोकरीला होतो, अंटार्क्टिकातल्या भारताच्या मैत्री तळावर एक उन्हाळा काढला आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये आमच्या गोव्यातूनच निघाली, हे लोक विसरतात. तुम्ही मुलांना ते जरूर सांगा. साउथ जॉर्जिया मी पाहिलेलं नाही. पण पायांविषयी माझं ऐका. गमबुटात दोन जाड मोजे घट्ट बसले तर रक्त फिरत नाही. माझ्या डाव्या पायाची दोन बोटं संध्याकाळपर्यंत बधिर झाली होती आणि मी ते दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. एक पातळ, एक लोकरी आणि बोटं हलवायला जागा.

इतिहासवाचक
अंटार्क्टिका खंड ओलांडायला निघालेल्या ब्रिटिश शोधक शॅकलटनबद्दल वाचल्याशिवाय त्या बेटावर पाय ठेवू नका. १९१५ मध्ये त्याचं जहाज 'एन्ड्युरन्स' वेडेल समुद्राच्या बर्फात चिरडून बुडालं. एलिफंट बेटावर २२ जणांना ठेवून तो पाच जणांसह 'जेम्स केअर्ड' या सुमारे सात मीटरच्या नावेतून निघाला. २४ एप्रिल १९१६ ला निघाले, १० मेला साउथ जॉर्जियाच्या चुकीच्या बाजूला लागले. देवमासे मारणाऱ्यांची ठाणी पलीकडच्या किनाऱ्यावर. मग शॅकलटन, जहाजाचा कप्तान वर्स्ली आणि सहकारी क्रीन यांनी ३६ तासांत बेट ओलांडलं, बुटांच्या तळव्यात नावेतले स्क्रू ठोकून. त्याने एकही माणूस गमावला नाही. असा नेता पुन्हा झाला नाही.

दर्यावर्दी_दाभोळ
माझाही तो आदर्श आहे, पण 'एकही माणूस गमावला नाही' हे पूर्ण खरं नाही. त्याच मोहिमेची दुसरी तुकडी रॉस समुद्राच्या बाजूला पुढच्या मार्गावर अन्नसाठे लावत होती. त्यातले तिघे मेले. त्यांनी साठे लावले ते ज्यांच्यासाठी, ते लोक कधी आलेच नाहीत. मुलांना सांगताना त्या तिघांनाही सांगा. आणि वर्स्लीला विसरू नका. ढग फाटतील तेव्हा हलत्या नावेत सेक्स्टंटने, म्हणजे सूर्याची उंची मोजायच्या यंत्राने, सूर्य पकडून त्याने बेट गाठलं. बेट चुकलं असतं तर पुढे नुसता अटलांटिक.

इतिहासवाचक
वेडेल समुद्रातल्या तुकडीपुरतं माझं म्हणणं खरं आहे. २२ जण ३० ऑगस्ट १९१६ ला चिलीच्या 'येल्चो' बोटीने सुखरूप सोडवले गेले. नेत्याला त्याच्यासोबत असलेल्या माणसांवरून मोजायचं असतं.

राजगडवारी
हा वाद दुसऱ्या धाग्यावर न्या ना. त्या बाईंना अजून ग्रिटविकेनबद्दल कुणी सांगितलं नाही.

ताई, ग्रिटविकेन या नावातच काहील आहे. सीलची चरबी कढवायच्या जुन्या काहिली तिथे सापडल्या, त्यावरून ते 'काहिलींचं आखात'. तुमच्या वाईकडच्या मुलांना गुऱ्हाळातली काहील माहीत असेल, तिथून सुरुवात करा. १९०४ मध्ये कार्ल अँटन लार्सनने तिथे देवमाशांचं ठाणं उभारलं. साठेक वर्षांत साउथ जॉर्जियात पावणेदोन लाख देवमासे कापले गेले. गंजलेल्या टाक्या अजून उभ्या आहेत आणि त्यांच्या सावलीत सील झोपलेले असतात. १९१३ चं पांढरं चर्च आहे, दफनभूमीत शॅकलटनची कबर आहे. मी तिथे पोचले तेव्हा माझं लक्ष कबरीपेक्षा टाक्यांकडे जास्त गेलं.

आणि मनाची तयारी ठेवा. डोंगरावरून वारा असा कोसळतो की आमची दोन ठिकाणची उतरणी रद्द झाली. सॅलिसबरी मैदानावरचे हजारो राजपेंग्विन मी फक्त जहाजावरून पाहिले. एका वेळी शंभरच माणसं किनाऱ्यावर जाऊ शकतात. २०२३ च्या ऑक्टोबरात साउथ जॉर्जियाला लागूनच्या बर्ड आयलंडवर बर्ड फ्लू आढळला, त्यानंतर काही जागा बंद ठेवल्या गेल्या. जे मिळेल ते बघा.

लेन्सवाला
जहाजावरूनच बघायचं असेल तर ४०० ची लेन्स हवीच. मी आधीच सांगितलं होतं.

कोकणची_माहेरवाशीण
हे सगळे पेंग्विन, सील, देवमासे खातात काय तिथे?

पक्षीमित्र_सांगली
मुख्यतः क्रिल. तुमच्या जवळ्यासारखा दिसतो, पण जात वेगळी. थंड पाण्यात त्याचे थवे असतात. राजपेंग्विन मात्र जास्त करून छोटे मासे खातो, त्यासाठी शंभर मीटरहून खोल बुडतो. त्याचं एक पिल्लू वाढवायला वर्षाहून जास्त लागतं, म्हणून नोव्हेंबरातही तपकिरी लोकर पांघरलेली पिल्लं दिसतील. दुर्बीण घ्या, ताई.

दर्यावर्दी_दाभोळ
तापमानाचं राहिलं होतं. आम्ही कॅनव्हासची बादली दोरीने सोडायचो. पहिली बादली ओतून टाकायची, कारण ती बादलीचंच तापमान सांगते. दुसरी वर काढायची, उन्हा-वाऱ्यापासून आडोशाला धरायची, थर्मामीटर पाण्यात हलवत राहायचं, पारा थांबला की बाहेर न काढता वाचायचं. काच बाहेर आली की वारा तिला लगेच गार करतो. प्रवाशाला बादली सोडू देणार नाहीत. पण इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेतात, त्याचं तापमान ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, दिसतं. विचारा, सांगतील. हवेचं तुम्हीच मोजा.

बेटाच्या सुमारे २४० किलोमीटर आधी शॅग रॉक्स लागतात, पाण्यातून सरळ वर आलेले सुळके. दिसले तर नोंद करा.

नकाशावेडी
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं आहे, आणि बहुतेकांना आवडणार नाही.

दुर्बीण घेत नाही, लेन्सही नाही. आमच्या शाळेच्या भिंतीवर जगाचा जो नकाशा आहे, त्यात साउथ जॉर्जिया नाहीच. जिथे ते बेट असायला हवं तिथे नकाशाच्या सूचीचा चौकोन छापलेला आहे. तीस वर्षं मी त्या चौकोनावर छडी टेकवून रंगांचा अर्थ सांगितला आणि त्याखाली काय आहे हे मुलांना एकदाही सांगितलं नाही. म्हणून पैसे दक्षिण अटलांटिकच्या सहा फुटी नकाशावर खर्च करते. छपाईवाल्याशी काल बोलले, तो कापडावर छापून देतो. शिवाय एक साधं थर्मामीटर आणि ग्राफची वही. रोज दुपारी बारा वाजता जहाजाचं ठिकाण, हवेचं तापमान, ब्रिजवरून पाण्याचं तापमान. शाळेने कबूल केलं आहे की जहाजावरून निरोप जाईल तसा नववीचा वर्ग मोठ्या नकाशावर टाचणी लावेल. तीन अंशांची उतरंड मुलांनीच शोधायची आहे, मी आधी सांगणार नाही.

राजगडवारी, तुमचं वाचून सॅक काढली. आमच्या ह्यांनी पांडवगडला नेली होती. वेल्क्रोतून चोवीस कुसळं निघाली.

पक्षीमित्र_सांगली
मला पटलेलं नाही. अल्बाट्रॉस नुसत्या डोळ्यांनी दिसेल, पण वादळी पाकोळीच्या जाती ओळखता येणार नाहीत. माझी जुनी ८ बाय ४२ कपाटात पडून आहे. पत्ता निरोपात कळवा, कुरिअर करतो. परत आल्यावर द्या.

दर्यावर्दी_दाभोळ
थर्मामीटर निघण्याआधी बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतं का बघा. दाखवत नसेल तर फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि ग्राफ इथे टाका.

नकाशावेडी
पक्षीमित्र, पत्ता कळवला आहे, आभार. दर्यावर्दी, आत्ताच बघितलं, अर्धा अंश जास्त दाखवतं. पहिल्या पानावर लिहिलं. पहिला रकानाही आखला: वाई, दुपारी १२, हवा ३१ अंश.