बारा बोअरची काडतुसं घरी भरायची आहेत, सुरुवात कशी करावी?

ओहायोकर

नमस्कार मंडळी. ट्रॅपसाठी (हवेत उडणार्‍या मातीच्या तबकड्यांवरची नेमबाजी) बारा बोअरची, पावणेतीन इंची काडतुसं घरीच भरायचा विचार आहे. क्लबात उचललेली विंचेस्टर एए, रेमिंग्टन एसटीएस आणि थोडी फेडरलची रिकामी काडतुसं जमली आहेत. काडतुसं भरायचं मेकचं ६०० ज्युनिअर यंत्र वापरलेलं मिळतंय. ते घ्यावं का? तिन्ही कंपन्यांची काडतुसं एकाच मापाने भरता येतील का? यंत्रासोबतच्या तक्त्यात पावडरचं माप दिलंय, तेच धरायचं का? आणि यात पैसे खरंच वाचतात का?

छर्रेवाला

यंत्र बिनधास्त घ्या. एका वेळी एकच काडतूस भरलं जातं, त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर डोळ्यांनी बघता येतं. नवशिक्याला हेच हवं. हँडलच्या दर झटक्याला एक काडतूस बाहेर टाकणारी मोठी यंत्रं नंतर.

तिन्ही काडतुसं एकाच मापाने? अजिबात नाही. काडतुसाची कृती पाच गोष्टींची असते: रिकामी खोळ (वाजलेल्या काडतुसाचं नळकांडं), प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी), पावडरचा (बारूद) ब्रँड आणि वजन, वॉड (पावडर आणि छर्‍यांच्या मधला प्लॅस्टिकचा पेला), छर्‍यांचं वजन. हॉजडन, अलायंट या पावडर कंपन्या प्रयोगशाळेत दाब मोजून या पाचांची जोडणी छापतात. त्यातली एक गोष्ट बदलली की ती कृती तुमची राहिली नाही. बारा बोअरच्या पावणेतीन इंची काडतुसाला दाबाची कमाल मर्यादा ११,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, आणि बाकी सगळं तसंच ठेवून नुसता प्रायमर बदलला तरी दाब हजाराहून जास्त पीएसआयने सरकू शकतो. फेडरलचा २०९ए इतरांपेक्षा जहाल आहे, म्हणून विंचेस्टर २०९ च्या कृतीत तो घालायचा नाही.

एए आणि एसटीएस आतून तळाकडे निमुळत्या होत जातात. फेडरलच्या बर्‍याच खोळी आतून सरळ असतात. निमुळत्या खोळीचा वॉड सरळ खोळीत सैल बसतो आणि गॅस कडेने निसटतो. उलट केलंत तर वॉड तळाशी नीट बसतच नाही. एसटीएसपासून सुरुवात करा, फेडरल वेगळ्या पिशवीत ठेवा. निवडताना तोंडाला चीर, जळकं भोक, आतला सुटा तळ यांपैकी काही दिसलं तर ती खोळ कचर्‍यात. सुटा तळ नळीत अडकू शकतो.

आता तक्ता. त्यातल्या आकड्यावर विसंबू नका. बुशिंग म्हणजे पावडर मोजणारं भोक. ते आकारमान मोजतं, वजन नाही, आणि प्रत्यक्षात बहुतेक वेळा तक्त्यापेक्षा कमी पावडर पडते. वजनकाटा घ्याच, सोबत तपासायचं वजनही. पावडर भरल्यावर आठ-दहा मापं टाकून परत डब्यात ओता, म्हणजे ती बसते. मग दहा मापं एकत्र तोलून दहाने भागा. बुशिंग बसवलेली यंत्राची पट्टी रोज एकाच जोराने सरकवा. धक्का कमी-जास्त झाला की पावडर कमी-जास्त दबते.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट ठळक सांगतो: कृतीतले आकडे ग्रेनमध्ये असतात, ग्रॅममध्ये नाहीत. एक ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा इथे कामाचा नाही.

मेकवरचा क्रम: पहिल्या जागी जुना प्रायमर निघतो आणि पितळी बूड मापात येतं. दुसरीवर नवा प्रायमर. तो बुडाशी सपाट किंवा किंचित आत हवा, बोट फिरवून बघा. वर आलेल्या प्रायमरवर बंदूक बंद करताना बार उडू शकतो. तिसरीवर पावडर, मग वॉड दाबून, मग छर्रे. चौथीवर तोंडाच्या घड्यांची सुरुवात, पाचवीवर पक्की घडी. एए आणि एसटीएसला आठ घड्या असतात, काही खोळींना सहा. घडी घालणारा तुकडा तेवढ्याच घड्यांचा लावा.

नेमबाज_काका

वरचं सगळं बरोबर. बिघाड कुठे होतात ते मी सांगतो.

घडी मध्ये खड्ड्यासारखी खचली तर आतला ऐवज कमी पडतोय: वॉड बुटका आहे किंवा छर्रे कमी पडलेत. फुगून वर आली तर उलटं. मध्ये भोक राहिलं तर आठ आणि नऊ नंबरचे छर्रे खिशात गळतात. घडी पिळवटली तर बहुधा खोळीचं तोंड म्हातारं झालंय किंवा चौथ्या जागचा दाब जास्त आहे. सुरुवातीला कारखान्याचं न वाजलेलं काडतूस शेजारी ठेवून घडीची खोली जुळवा, साधारण एक षोडशांश इंच.

पण हे दिसणारे बिघाड. जिवावर बेतणारा बिघाड दिसत नाही, तो म्हणजे पावडरच न पडलेलं काडतूस. प्रायमर एकटाच वॉडला नळीत ढकलतो, आवाज "फुस्स" येतो, छर्रे चार पावलांवर सांडतात. वॉड नळीतच राहतो. त्यावर पुढचा बार टाकला की नळी फाटते. म्हणून आवाज वेगळा वाटला की बंदूक उघडायची, काडतुसं काढायची आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का बघायचं. स्क्वॉडची, म्हणजे सोबतच्या नेमबाजांची, पाळी थांबली तर थांबू दे. यंत्रावर पावडरची बाटली अर्धी झाली की भरा, आणि वॉड ठेवण्याआधी खोळीत डोकावल्याशिवाय पुढे जाऊ नका. मध्ये फोन आला तर हातातलं काडतूस रिकामं करा, पावडर-छर्रे वेगळे करा आणि पहिल्यापासून सुरू करा.

टेबलावर एका वेळी एकाच पावडरचा डबा. काम संपलं की बाटलीतली पावडर मूळ डब्यात. कुठली पावडर आहे याची शंका आली तर ती वापरायची नाही. प्रायमर मूळ खोक्यातच ठेवायचे. काचेच्या बरणीत एकत्र ओतले तर एकाबरोबर सगळे उडू शकतात. शिशाच्या कृतीत स्टीलचे छर्रे कधीच नाहीत, त्यांचे वॉड आणि पावडर वेगळी असते.

पैशांचं: २५ पौंडांच्या पोत्यात सव्वा औंसाला थोडे कमी, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश औंसाची ३५५ काडतुसं होतात. अठरा ग्रेनची कृती असेल तर पौंडभर पावडरीत ३८८. तुमच्या दुकानातल्या पोत्याच्या आणि पावडरीच्या भावाला या दोन आकड्यांनी भागा, वॉड आणि प्रायमर मिळवा. बारा बोअरमध्ये बचत किरकोळच निघते, कारण तयार माल स्वस्त मिळतो. २८ आणि ४१० बोअरमध्ये मात्र फरक मोठा. बाराचा खरा फायदा पाऊण औंसाहून थोड्या जास्त, म्हणजे सात अष्टमांश औंसाच्या हलक्या काडतुसांत आहे. खांद्याला धक्का कमी, आणि तेवढ्याच पोत्यात ४५७ होतात.

कायदेपंडित_एनजे

स्वतःपुरती भरायला अमेरिकेत केंद्राचा परवाना लागत नाही. विकायचा धंदा केला तर लागतो. राज्याचे नियम वेगळे बघा.

एच-१बी किंवा एफ-१ वर असलेल्यांनी नीट वाचा. त्यांना बंदूक आणि दारूगोळा बाळगायला केंद्राच्या कायद्याने मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असेल तर अपवाद मिळतो. आणि त्या कायद्यात दारूगोळा म्हणजे फक्त भरलेलं काडतूस नाही, प्रायमर, पावडर आणि खोळीही त्यातच येतात. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

भारतात जाताना रेंजची बॅग कपड्यांसाठी वापरू नका. तळाशी राहिलेलं एक काडतूस विमानतळावर पोलीस केस होतं. भारतात दारूगोळा बनवायला शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली परवाना लागतो, त्यामुळे हा धागा वाचून तिकडे कोणी घरी प्रयोग करू नये.

ओहायोकर

सगळ्यांचे आभार. ग्रीन कार्ड आहे. मुलीची वीस बोअर आहे, तिचीही त्याच टेबलावर भरली तर चालेल?

नेमबाज_काका

टेबल तेच चालेल, पण एका दिवशी एकच बोअर, आणि दुसर्‍याची एकही खोळ खोलीत उघडी नको. वीसचं काडतूस बाराच्या नळीत घरंगळून पुढे अडकतं. मागून बाराचं बसतं, बंदूक नेहमीसारखी बंद होते आणि वाजवल्यावर फुटते. याचसाठी वीसची काडतुसं पिवळी असतात, तुम्हीही पिवळ्याच खोळी वापरा. शूटिंगला जातानाही दोन्हींच्या पिशव्या वेगळ्या.

मुलगी मदतीला बसणार असेल तर शिशाची काळजी घ्या. टेबलावर खाणं-पिणं नाही, हात साबणाने आणि थंड पाण्याने धुवायचे. जुन्या प्रायमरच्या राखेतही शिसं असतं, ती झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं फेकून द्या.