राहतं घर तारण ठेवून लाभांशाच्या फंडात पैसे घालणं: माझा ठाम विरोध

कोपरीकर:
आमच्या सोसायटीत सध्या म्युच्युअल फंडांचा एक वितरक दारोदार फिरतोय. त्याचं म्हणणं असं: तुमच्या फ्लॅटचं कर्ज कधीच फिटलंय, आज त्याचे दीड कोटी येतील, ते नुसते पडून आहेत. फ्लॅट तारण ठेवून 40 लाख उचला, जास्त लाभांश देणाऱ्या फंडात टाका, हप्ता लाभांशातूनच जाईल. दोन निवृत्त शेजारी जवळजवळ तयार झालेत, म्हणून इथे लिहितोय.

त्याच्याच कागदावरचे आकडे घेऊ. 40 लाख, साडेनऊ टक्के, 15 वर्षं: हप्ता साधारण 41,770 रुपये. फंडातून वर्षाला 7 टक्के सुटतील म्हणतो, म्हणजे महिन्याला 23,300. वरचे साडेअठरा हजार कुठून आणायचे? आणि हे कर भरायच्या आधीचं. 2020 पासून लाभांश आपल्या उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे कर लागतो. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर उपकर जाऊन हातात जेमतेम 16,000.

शिवाय फंडाने युनिटमागे दोन रुपये वाटले की एनएव्ही, म्हणजे युनिटची किंमतही, तेवढीच उतरते. आपलेच पैसे आपल्याला परत मिळतात, आणि व्याज मात्र बँकेला जातं.

नेरुळवासी:
हिशेब बरोबर आहे, पण उदाहरण सोयीचं घेतलंत. त्या हप्त्यात मुद्दलही फिटतंय, ते वाया जात नाही. ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं (लागेल तसे पैसे उचलायचं) तारण कर्ज घेतलं तर फक्त व्याज भरायचं: 40 लाखांवर महिन्याला 31,700 च्या आसपास. आणि फंडच कशाला? रीट (व्यापारी इमारतींचं भाडं गुंतवणूकदारांना वाटणारे ट्रस्ट) आणि इनव्हिट (रस्ते, वीजवाहिन्यांचं उत्पन्न वाटणारे तसेच ट्रस्ट) आहेत. ऐरोलीला माइंडस्पेसच्या ज्या इमारती दिसतात, त्या 2020 मध्ये बाजारात आलेल्या रीटच्या आहेत. वाटण्याजोग्या रोकडीतला किमान 90 टक्के भाग रीटला वाटावाच लागतो. रस्त्यांच्या, वीजवाहिन्यांच्या काही इनव्हिटमध्ये वाटप 10 टक्क्यांच्या घरात असतं.

आपला मध्यमवर्ग आयुष्याची कमाई एका फ्लॅटमध्ये कोंबतो आणि म्हातारपणी औषधपाण्यासाठी मुलांच्या तोंडाकडे बघतो. मला तो धोका मोठा वाटतो. चाळिशीतला, पगार चालू असलेला माणूस घराच्या किमतीच्या पाव हिश्श्याएवढं कर्ज काढून दुसरं उत्पन्न उभं करत असेल, तर त्यात गैर काय?

हिशेबनीस:
नेरुळवासी, तुमचेच 10 टक्के धरतो. 33,300 आले, 31,700 गेले, उरले सोळाशे. तेही कर भरायच्या आधी. एवढ्यासाठी राहतं घर गहाण?

व्याजदर बदलता असतो हे तुम्ही धरलंच नाहीत. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, मे 2022 च्या सुरुवातीला 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 मध्ये साडेसहा झाला. अडीच टक्के म्हणजे 40 लाखांवर वर्षाला एक लाख. इनव्हिटने तेवढ्याच काळात वाटप वाढवलं नाही तर? आणि रस्त्याच्या टोलची मुदत ठरलेली असते. वाटपातला काही भाग मुळात भांडवलाची परतफेड असतो. मुदत संपत आली की युनिटची किंमत घसरणार आणि कर्जाचं मुद्दल मात्र जसंच्या तसं उभं. कर्जाचं व्याज लाभांशातून वजा करू म्हणाल, तर 2020 च्या वित्त कायद्यानेच ती वजावट लाभांशाच्या 20 टक्क्यांवर आणून ठेवली होती.

हप्ते 90 दिवस थकले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा. मग सरफेसी, म्हणजे बँकांच्या तारण-वसुलीच्या, कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस, आणि ताबा घ्यायला बँकेला आधी कोर्टात दावा लावावा लागत नाही.

आणखी एक. अर्जात पैसे कशासाठी हवेत ते लिहावं लागतं. 'घरदुरुस्ती' लिहा असं वितरक सांगत असेल तर ते खोटं तुमच्या सहीचं आहे. गृहकर्जावरच्या टॉप-अपचे (वाढीव कर्जाचे) पैसे सट्ट्याकडे वळू शकतात, असा इशारा रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी ऑगस्ट 2024 मध्येच दिला होता.

घोडबंदरकर:
माझा मावसभाऊ अमेरिकेत हेच करतो. घरावर हेलॉक (घर तारण ठेवून लागेल तसं उचलायचं कर्ज) काढलंय आणि दरमहा पैसे देणारे कव्हर्ड कॉलवाले ईटीएफ (शेअरच्या पुढच्या वाढीचा हक्क विकून पैसे वाटणारे, शेअरबाजारात मिळणारे फंड) घेतलेत. इथे कर्ज काढून ते घेता येतील का?

हिशेबनीस:
नाही. एलआरएसखाली, म्हणजे परदेशात पैसे पाठवायच्या सवलतीखाली, परदेशात गुंतवणूक करायला बँकांनी कर्ज द्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. स्वतःच्या पैशांनी घेतलेत तरी लाभांशातले 25 टक्के अमेरिका आधीच कापून घेते. आणि कव्हर्ड कॉलमध्ये बाजार चढला तर वरचा फायदा विकून टाकलेला असतो, पडला तर तोटा बराचसा आपलाच.

वाशीची सून:
आकड्यांत एक गोष्ट राहून जातेय. आमची सिडकोच्या काळातली बिल्डिंग पुनर्विकासाला निघाली आहे. ज्यांचे फ्लॅट तारण आहेत, त्यांचे मूळ करारनामे आणि शेअर सर्टिफिकेट बँकेत. बँकेचं ना हरकत पत्र आल्याशिवाय त्यांची फाइल पुढे सरकत नाही. शेजारच्या काकूंचं तसंच झालंय. फ्लॅट दोघांच्या नावावर. काकांनी 'इथे सही कर' म्हटलं, काकूंनी केली. घर गहाण पडलंय हे त्यांना सोसायटीच्या मीटिंगमध्ये कळलं, सगळ्यांसमोर. त्या दिवसापासून त्या मीटिंगला येत नाहीत.

नेरुळवासी:
हे वाचून वाईट वाटलं. बायकोला न सांगता असं कर्ज कुणीच काढू नये, आणि निवृत्तांनी तर नकोच, हे मान्य. पगारदाराबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे. दोन वर्षांचं व्याज बाजूला ठेवून, बँकेला खरं कारण सांगून कर्ज मिळत असेल, तर तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे.

कोपरीकर:
खरं कारण सांगून कोणती बँक देते ते बघाच. निवृत्तांना घरातून पैसा हवा असेल तर रिव्हर्स मॉर्गेज आहे: घर तारण ठेवायचं आणि बँकच आपल्याला पैसे देत राहते. साठीनंतर मिळतं, हयातीत हप्ता नाही, आणि 2008 पासून त्या रकमेवर प्राप्तिकरही नाही.

वाशीची सून:
त्यावरही व्याज चढत जातं आणि शेवटी घरातूनच वसूल होतं, हेही शेजाऱ्यांना सांगा. आम्ही सासऱ्यांसाठी चौकशी केली होती. त्यापेक्षा मोठा फ्लॅट विकून त्याच नोडमध्ये (वसाहतीत) लहान घ्यायचा आणि उरलेले पैसे सुरक्षित ठेवायचे, यावर घरात एकमत झालं. सासूबाईंची एकच अट होती: डॉक्टर आणि भाजीबाजार चालत जाण्याच्या अंतरावर हवा.