कादंबरी लिहितेय, हिरोने तो व्हिडिओ पाहिलेला असावा की नसावा?

खिडकीतली:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. दीड वर्षापासून एक प्रेमकथा लिहायचं चाललंय, नऊ प्रकरणं झाली आणि दहाव्यात गाडी रुतलीय. नायिका शाळेत मराठीच्या बाई, वय ३४, घटस्फोटित. भाचीच्या हळदीत नाचतानाचा तिचा व्हिडिओ कोणीतरी घाणेरड्या ओळी लिहून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतं, तिथून गावभर. शाळा म्हणते तूर्त रजा घ्या. मग ती दापोलीला मावशीकडे येते आणि एका कलमांच्या नर्सरीत हिशेब बघायला लागते, तिथे मालकाचा पुतण्या, कृषी विद्यापीठात शिकलेला, कमी बोलणारा. आता त्याने व्हिडिओ पाहिलेलाच नाही असं दाखवलं तर मग ती लपवणार, एक दिवस रडत सांगणार, तो मिठी मारणार, हे शंभरदा वाचलंय. पाहिलाय पण चार महिने बोललाच नाही तर मलाच तो लबाड वाटायला लागतो. काय करू?

तात्या_निफाडकर:
पाहिलेलाच असणार गं, हळदीचे व्हिडिओ बघितले नाहीत असा माणूस आणायचा कुठून. आणि कृपा करून त्याला चौकात कोणाच्या कानफटात मारायला लावू नकोस. शिवाय 'कलम जुळलं तशी मनं जुळली' असं वाक्य दिसलं तर मी पुस्तक परत करणार.

मधुरा_एस:
माझ्या बहिणीच्या बाबतीत साधारण असंच झालं होतं, प्रकार वेगळा पण गावभर चर्चा तीच. लोक तोंडावर काही बोलत नाहीत हे आधी लक्षात घे. ती आठ वर्षं एकाच भाजीवालीकडे जायची, ते बंद केलं, का तर ती मावशी न मागता कोथिंबिरीची जुडी फुकट द्यायला लागली आणि वर 'घ्या हो ताई' म्हणताना आवाज एकदम मऊ करायची. समोर कोणी फोन जरा उभा धरला की हिचा हात ओढणीकडे. नवीन नोकरीला लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात बिलात चूक झाली म्हणून साहेब सगळ्यांदेखत तिच्यावर खेकसले, तर घरी येऊन सांगते काय, इतक्या दिवसांनी कोणीतरी माझ्यावर नीट ओरडलं. आणि त्या दिवशी दोन वेळा भात घेतला. तुझा हिरो गोड बोलणारा नकोच, हिशेबावरून भांडणारा दे.

आडगावची_सून:
दापोली म्हणालीस म्हणून आठवलं, धोंडो केशव कर्व्यांचं मुरूड त्याच तालुक्यात. त्यांची पहिली बायको १८९१ मध्ये गेली, १८९३ मध्ये पुण्यात त्यांनी गोदूबाईंशी (याच पुढे बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या) पुनर्विवाह केला, त्या बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. जोडपं मुरूडला गेलं तर गावाने सभा भरवून ठराव केला, कर्वे असतील त्या सभेला कोणी जायचं नाही, आणि आई-भावाने त्यांना घरात ठेवलं तर त्यांनाही वाळीत टाकायचं. म्हणजे बघ, खरा चिमटा आईला. लपवण्यासारखं तिथे काही नव्हतंच, सगळ्या गावाला सगळं ठाऊक, तरी संसार झाला आणि १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रमही निघाला. मला वाटतं तुझं दहावं प्रकरण हिरोवर नाही, मावशीवर अडलंय. तिला काय काय सोसावं लागतंय ते कुठंय?

काळाकोट:
पोलीस स्टेशनचा सीन असेल तर जपून. २०१६ चा सामाजिक बहिष्काराचा कायदा आपल्याकडे आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पण त्याला गावकीने, जातपंचायतीने रीतसर वाळीत टाकावं लागतं, नुसत्या कुजबुजीला तो लागत नाही. मानहानी म्हणावं तर ती अदखलपात्र, ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतात आणि कोर्टात जा म्हणतात. थोडक्यात नर्सरीत कलमं हजार, पण या दोन्हींतलं हिच्या फारसं कामाचं एक नाही. आणि हो, तक्रार लिहून घेताना हवालदार तो व्हिडिओ लावणारच, बहुतेक फुल आवाजात, मागच्या बाकावर बसलेले माना वर करून बघणार. हे मी कारकुनासारखा शेजारी उभा राहून पाहिलंय.

खिडकीतली:
बापरे, कोथिंबीर आणि फुल आवाज, दोन्ही ढापतेय, परवानगी गृहीत धरते. ठरलं, त्याने पाहिलाय, आणि त्याने पाहिलाय हे तिलाही पहिल्या दिवसापासून माहितीय, दोघंही तो विषय काढत नाहीत कारण जुलैत कोय कलमं (आंब्याच्या कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावरची) बांधायची घाई आहे. पहिलं भांडण ४० कलमं हिशेबात कमी येतात त्यावरून. आणि मावशीला भजनी मंडळाचा निरोप यायचा बंद झालाय, पेटी मात्र अजून हिच्याच घरात पडून, मागायलाही कोणी येत नाही.

तात्या_निफाडकर:
पेटी झकास. पण ४० कलमांना नर्सरीत कोण विचारतं, ४०० कर.