जड धातूंची 'उचल' की 'शोषण'?

जळगावकडच्या भाजीपाला शेतकऱ्यांसाठी माहितीपत्रक लिहितोय. शेणखत, गांडूळखत घातल्यावर पिकात कॅडमियम, शिसं कमी जातं, हा विषय. 'पिकाने धातूंचे शोषण केले' असं लिहिलं होतं. वडील म्हणाले, "शोषण सावकार करायचा. पीक खत उचलतं." छापील मजकुरात 'उचल' चालेल का? आणि 'जड धातू' की 'भारी धातू'?

— 'उचल' जरूर लिहा. मजुरानं घेतलेली आगाऊ रक्कमही उचलच, म्हणून पहिल्यांदा 'मुळांची उचल' असं लिहा, पुढे घोटाळा होणार नाही. 'भारी धातू' ही हिंदीतली जोडी. आपल्याकडे भारी साडी असते, धातू जडच.

माझी खरी हरकत वेगळी आहे. अशा पत्रकांत 'खतामुळे जमिनीतील धातू नष्ट होतात' असं सर्रास छापतात. धातू कुजत नाही. खतातला ह्युमस, म्हणजे पूर्ण कुजलेला काळा भाग, त्याला धरून ठेवतो, त्यामुळे मुळांच्या हाती कमी लागतो, पण जमिनीत तो तेवढाच असतो. म्हणून 'नष्ट', 'शुद्धीकरण' नको. 'धरून ठेवणे' किंवा 'बांधला जाणे' लिहा.

— धुळ्याहून. 'सामू' (pH, म्हणजे माती किती आम्ल किंवा विम्ल ते सांगणारा आकडा) हा शब्दही घ्या, माती परीक्षणाच्या कागदावर शेतकरी तो वाचतोच. सामू वाढला की कॅडमियमची उचल घटते. तापीकाठच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत सामू मुळातच ७ च्या वर असतो. तिथला सगळा गुण खताच्या खात्यावर मांडू नका, भाऊ.

— 'खत' एकटं लिहू नका, 'चांगलं कुजलेलं खत' लिहा. कच्च्या खतातले विरघळणारे सेंद्रिय पदार्थ तांब्यासारख्या धातूला सोबत घेऊन पाण्याबरोबर हलवू शकतात. आणि 'सेंद्रिय' म्हणजे 'निर्धोक' नव्हे. शहरी कचऱ्याच्या कंपोस्टमध्येच धातू असू शकतात. खत नियंत्रण आदेशात त्यासाठी किलोमागे कॅडमियम ५ आणि शिसं १०० मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा आहे. पालक, मेथी खाणाऱ्या घरांसाठी हे वाक्य गाळू नका, पालेभाज्या कॅडमियम सहज उचलतात.

— सगळ्यांचे आभार. वाक्य बदललं: 'चांगले कुजलेले शेणखत जड धातूंना मातीत धरून ठेवते, त्यामुळे मुळांची उचल कमी होते, धातू मात्र जमिनीतच राहतात.' वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी 'मात्र'च्या जागी 'पण' करायला सांगितलं. केलं.