आमचे मोठे बाबा : घरच्यांच्या आणि गावकऱ्यांच्या आठवणी

आमचे मोठे बाबा गेल्या महिन्यात वारले. दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावात ते ना सरपंच होते ना सोसायटीचे अध्यक्ष, त्यामुळे त्यांच्याविषयी कुठे छापून येणार नाही. पण तेरवीला आलेला जो तो ओसरीवर बसून त्यांची एखादी गोष्ट सांगत होता आणि त्यांतील कितीतरी आम्हा घरच्यांनाही ठाऊक नव्हत्या. त्या विरून जाऊ नयेत म्हणून प्रत्येकाने आपला अनुभव लिहून द्यावा, अशी मी विनंती केली. विशेषणे नकोत, जे घडले ते लिहा, एवढेच सांगितले.
– पुतण्या

सून
माझे माहेर वर्धा नदीकाठचे, तिथे विहिरींना गोडे पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात लेक द्यायला माझी आई तयार नव्हती, कारण इथल्या विहिरींचे पाणी ना पिण्याच्या कामाचे ना ओलिताच्या, आणि त्यात डाळदेखील धड शिजत नाही. नळयोजना तेव्हा आमच्या गावापर्यंत पोहोचली नव्हती. मला दिवस गेल्याचे कळताच मामाजींनी बंडीवर ड्रम ठेवून दूरच्या गावाहून गोडे पाणी आणायला सुरुवात केली. "पोरी, इथलं पानी तुले सोसनार नाही," एवढेच ते म्हणाले. धुतलेल्या धोतराचे फडके दुहेरी करून ते ड्रमच्या तोंडाला स्वतः बांधत, म्हणजे वाटेत फुफाटा आत जाऊ नये. गल्लीत आणखी एक गरोदर बाई होती. तिच्या घरी गुंडभर पाणी उतरवल्याशिवाय बंडी आमच्या दारी येत नसे.

सालगड्याचा मुलगा
साल पाडव्याला ठरते आणि पुढच्या पाडव्याला संपते. मध्ये गडी आजारी पडला तर खाडे कापण्याची रीत आहे. माझ्या वडिलांना ऐन डवरणीच्या दिवसांत कावीळ झाली, तेव्हा भाऊंनी एकही खाडा धरला नाही आणि ठरलेली ज्वारी महिन्याच्या महिन्याला घरपोच केली. मला त्याहून मोठी वाटते ती पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. बैलांचे खांदे तूप-हळद लावून पळसाच्या पानांनी शेकताना "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असे मालकाने म्हणायचे असते. भाऊ मात्र वडिलांना पुढे करत आणि म्हणत, "वर्षभर त्यांच्यासंग तू राबला, आवतन तुयाच तोंडचं पाहिजे."

मुलगी
आईचा उजवा हात अर्धांगवायूने गेला, तेव्हापासून बाबा रोज सकाळी तिची वेणी घालत. कासरा वळणारे ते राठ हात, पण तीन पेड ते असे सारखे घेत की एक केस सैल राहत नसे. बायकांनी थट्टा केली तरी त्यांनी कधी दार लोटून घेतले नाही, अंगणातच बसून ते वेणी घालत. आईला ते कधी एकेरीत बोलल्याचे मला आठवत नाही.

शेजारचे शेतकरी
राज्याची एकाधिकार कापूस खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायची योजना, १९७२ मध्ये सुरू झाली. हंगामात केंद्रावर बंड्यांची लांबच लांब रांग लागे आणि आम्ही रात्री बंडीखालीच झोपत असू. माझ्या बहिणीचे लग्न तोंडावर होते. भाऊंनी आपला नंबर मला दिला आणि माझ्या जागी मागे जाऊन थांबले.

गावातील एक बाई
माझ्या मालकांनी कर्जापायी विष घेतले, तेव्हा भेटायला सारेच आले. भाऊजी मृगाचा पाऊस पडल्यावर पुन्हा आले, ते तिफण घेऊन. त्यांनी स्वतःच्या वावराआधी माझे वावर पेरले आणि त्याचे पैसे कधी काढले नाहीत. जमीन दिरांच्या नावे करून टाकावी, असे नात्यातले काही जण सुचवत होते. भाऊजींनी त्या बैठकीत साऱ्यांसमोर स्पष्ट सांगितले, "वावर तिच्या आन् लेकराइच्या नावानंच होईन." मग वारसनोंदीचा अर्ज, मृत्यूचा दाखला, फेरफार, अशा प्रत्येक कामाला ते माझ्यासोबत तलाठ्याकडे आले आणि तिथे बोलायचे ते मलाच बोलू दिले. सातबाऱ्यावर आज माझे व मुलांचे नाव आहे. यंदा त्यात कपाशी आणि तूर आहे.