आईचं स्तनाचं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे, घरी काय काय तयारी करून ठेवू?

कराडची_लेक
नमस्कार. माझी आई ५८ वर्षांची आहे, डाव्या बाजूला गाठ लागली, बायोप्सीत कॅन्सर आला आणि आता पुढच्या गुरुवारी पुण्यात ऑपरेशन आहे. पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले चौथ्या दिवशी घरी सोडतील पण नळी लावलेलीच असेल. ती नळी घरी कशी सांभाळायची हे विचारायचंच राहिलं, त्या वेळी डोकंच चालत नव्हतं. घरी मी आणि बाबा. मी पंधरा दिवस रजा टाकली आहे. आई अशी की अंगात ताप असला तरी पहाटे उठून अंगण झाडणार, तिला बसवून ठेवायचं कसं हाच मोठा प्रश्न आहे. कपडे, झोपायची सोय, अंघोळ, आधी काय काय आणून ठेवू? ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी प्लीज सांगा, अगदी साधी वाटेल ती गोष्टपण सांगा.

माई_नाशिक
ताई, माझं २०१९ ला झालं, उजवी बाजू. आधी नळीचंच सांगते कारण घरी आल्यावर पहिल्या दोन रात्री मी तिच्याच धास्तीने झोपले नाही. काखेतल्या गाठी काढल्या की आत पाणी साचतं, ते बाहेर यायला नळी ठेवतात आणि तिच्या टोकाला प्लास्टिकचा डबा असतो, त्यावर मिलीचे आकडे असतात. रिकामा केला की दाबून हवा काढायची आणि दाबलेला असतानाच बूच लावायचं, म्हणजे तो आतलं पाणी ओढत राहतो. डबा फुगून सरळ झाला की ओढणं बंद. डिस्चार्जच्या आधी सिस्टरसमोर तुम्ही स्वतःच्या हाताने एकदा रिकामा करून बघा, नुसतं बघून येत नाही. माझी सून रोज सकाळी ८ ला हात धुऊन मोजायची आणि वहीत तारीख, किती मिली, रंग लिहायची. आधी लाल असतं, मग गुलाबी, मग पिवळसर पातळ. माझं सुरुवातीला १२० मिली होतं, हळूहळू कमी झालं आणि सलग दोन दिवस ३० च्या खाली आल्यावर सोळाव्या दिवशी नळी काढली. वही बघूनच डॉक्टरांनी ठरवलं, म्हणून ती वही खाडा न करता लिहा.

डबा अडकवायला जुन्या सुती साडीची पिशवी शिवा, लांब पट्टी लावून गळ्यात तिरकी घालता येईल अशी. मी एकदा डबा खाटेवर ठेवून तशीच उठले आणि टाक्याला असा हिसका बसला की डोळ्यांतून पाणी आलं.

कपडे सगळे पुढून उघडणारे, गाऊन एक साइज मोठा, नाहीतर बाबांचे जुने शर्ट. हात वर करून काही घालायचं नाही. ऑपरेशनच्या बाजूच्या हातातल्या बांगड्या आणि अंगठी आधीच काढून ठेवा, नंतर हात सुजला तर निघत नाहीत. आई बांगड्या काढायला तयार होणार नाहीत, मीपण झाले नव्हते, मग सासूबाईंनीच सगळ्या दुसऱ्या हातात चढवल्या.

फिजिओ_सांगली
मी फिजिओथेरपिस्ट आहे, हाताचं सांगतो. दुखतंय म्हणून पेशंट हात पोटाशी धरून ठेवतात आणि दीड महिन्यात खांदा आखडतो. मूठ उघडझाप, मनगट, कोपर हे डॉक्टरांनी हो म्हटलं की पहिल्या दिवसापासून करायचं. नळी असेपर्यंत हात साधारण खांद्याच्या उंचीपर्यंतच, त्यावर नाही. नळी आणि टाके निघाले की भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा आणि जिथे पोचला तिथे पेन्सिलने खूण करून तारीख टाकायची. बसताना झोपताना काखेखाली छोटी मऊ उशी ठेवा.

दंडाची आतली बाजू बधिर लागू शकते, तिथली नस बऱ्याचदा गाठींबरोबर कापली जाते, घाबरू नका. त्या हातावर बीपी, सुई, सलाईन शक्यतो नको हे प्रत्येक दवाखान्यात आईंनी स्वतः सांगायचं. सूज कधी कधी काही वर्षांनीही येते, म्हणून काटा, विळी, भाजणं जपायचं आणि शेतात किंवा भांडी घासताना हातमोजे. कळशी, बादली, गव्हाचा डबा काही आठवडे अजिबात उचलायचा नाही.

धुळेकर
माझ्या बायकोचं दोन वर्षांपूर्वी झालं. ताई, आधी स्वयंपाकघर बघा. चहा-साखर, तिखटमीठ, रोजची भांडी सगळं फळीवरून काढून कमरेच्या उंचीला आणून ठेवा. आम्ही नाही केलं आणि पाचव्या दिवशी मी अंघोळीला गेलो तेवढ्यात तिने डाळीच्या डब्याला हात घातला, त्या दिवशी नळीत परत लाल आलं आणि माझी पाचावर धारण बसली.

भात खाल्ला की पू होतो, वरण बंद करा असं येणारे सांगतील. ऐकू नका, जखम भरायला डाळ, अंडी, दूध, पनीर सगळं पाहिजे. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, त्याचं औषध डिस्चार्जलाच मागून घ्या. ताप १०१ च्या वर, जखम लाल गरम, घाण वास, किंवा नळी एकदम बंद होऊन छाती फुगली तर सकाळची वाट न बघता फोन करायचा. महात्मा फुले योजनेत करणार असाल तर मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते, रेशन कार्ड आणि आधार आत्ताच काढून ठेवा.

आणि एक. पट्टी निघाल्यावर तिने बाथरूमच्या आरशावर टॉवेल टाकला होता. मी काही बोललो नाही, रोज पाठ पुसून द्यायचो. अकराव्या दिवशी तिने स्वतःच टॉवेल काढला आणि मला हाक मारली. आईंना बघायची घाई करू नका, पण बाबांना मात्र आधी समजावून ठेवा, त्यांचा चेहरा त्या बघणार आहेत.

कराडची_लेक
सगळ्यांचे खूप खूप आभार, आज ऑपरेशनला तेरा दिवस झाले. पिशव्या दोन शिवल्या, एक धुवायला एक वापरायला. नळीची वही बाबांनी घेतली, रोज ८ ला चष्मा लावून मोजतात, काल २८ आणि आज २५ आलं. पाहुण्यांना मावशीने ओट्यावरूनच चहा देऊन परत पाठवलं. अंगण मी झाडते आणि आई खुर्चीत बसून कुठे राहिलंय ते दाखवते. काढलेल्या गाठींच्या तपासणीचा मोठा रिपोर्ट सोमवारी मिळेल. फिजिओ सर, नळी उद्या काढणार आहेत, भिंतीचा व्यायाम लगेच दुसऱ्या दिवशी सुरू करायचा का टाके निघेपर्यंत थांबायचं?

फिजिओ_सांगली
टाके निघेपर्यंत थांबा, आणि उद्या सर्जनना विचारूनच तारीख ठरवा. तोपर्यंत मूठ आणि कोपर चालू ठेवा, दिवसातून तीन वेळा.